बाईसाहेबांची प्रवासपेटी

1791 चा वसंत. पॅरिसच्या त्युइलेरी राजवाड्यात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत जवळजवळ नजरकैदेत दिवस काढत होती आणि देशाबाहेर पळून जाण्याचा बेत शिजत होता. खोटी पारपत्रे, बदललेले वेश, वाटेवर घोडे बदलायची सोय, सगळे गुपचूप जमवले जात होते. अशा वेळी राणीचा जीव एका पेटीत अडकला होता. तिची प्रवासातली शृंगारपेटी तिला बरोबर हवी होती. तिची विश्वासू दासी मादाम कांपां हिने परोपरीने समजावले, की एवढी मोठी पेटी हलवली तर संशय येईल. राणी ऐकेना. शेवटी एक नाटक रचले गेले. व्हिएन्नाच्या दरबाराच्या प्रतिनिधीने चारचौघांसमोर राणीला सांगायचे, की ब्रसेल्सला असलेल्या तुमच्या भगिनींना हुबेहूब अशीच पेटी हवी आहे. आणि राणीने तशी पेटी करायला टाकायची. ठरल्याप्रमाणे झाले. पण कारागिरांच्या हातून काम वेळेत उरकेना, तेव्हा राणीने आपलीच पेटी रिकामी करवली आणि बहिणीला भेट म्हणून पाठवून दिली. वस्त्रागारातल्या एका बाईला यात काळेबेरे दिसले आणि तिने चहाडी केली.

20 जूनच्या रात्री राजकुटुंब निघाले आणि व्हारेन गावात पकडले गेले. पेटीमुळे पकडले गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण मादाम कांपांच्या आठवणी 1822 साली प्रसिद्ध झाल्या, त्यात या पेटीचा किस्सा पुरेशा तपशिलाने आला आहे.

मारी आंत्वानेतच्या अशा पेट्यांपैकी एक आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि दुसरी दक्षिण फ्रान्समध्ये, अत्तरांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रास इथल्या अत्तर संग्रहालयात. त्यांतले चांदीकाम शार्पना नावाच्या रौप्यकाराचे. महोगनीच्या पेटीत चांदी, काच, चिनीमाती आणि हस्तिदंताच्या वस्तू अशा चपखल बसवल्या आहेत, की एकीची जागा दुसरीला चालू नये. फणी, कुपी, आरसा तर आहेतच, शिवाय चहा आणि चॉकलेट करायचे सामानही आहे. वाटेत मुक्काम कुठेही पडो, पेटी उघडली की राणीचा महाल मांडला.

हीच कल्पना इंग्लंडने उचलली, आणि पुढच्या शंभर वर्षांत तिची एक मोठी बाजारपेठ उभी केली. इंग्रजांनी त्यातले खाणेपिणे काढून टाकले. चहाची पेटी वेगळी, लिहिण्याची वेगळी, शिवणकामाची वेगळी आणि नटण्यामुरडण्याची वेगळी. या शेवटच्या पेटीला ते ‘ड्रेसिंग केस’ म्हणत. सुरुवातीला अशा पेट्या मुख्यतः पुरुषांसाठी होत. मोहिमेवर जाणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचे वस्तरे, दाढीचे ब्रश आणि बाटल्या त्यात राहत. एकोणिसावे शतक चढत गेले तसे हे दालन बायकांच्या हाती गेले आणि पेट्या अधिकाधिक देखण्या होत गेल्या.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चांगली पेटी समोर ठेवली, तर आधी नजरेत भरते ते लाकूड. महोगनी, अक्रोड, ब्राझीलहून येणारे शिसवी आणि सगळ्यांत मानाचे म्हणजे तपकिरी-काळ्या पट्ट्यांचे कोरोमांडल. नाव भारताच्या पूर्व किनाऱ्याचे असले, तरी हे लाकूड मुख्यतः सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून जायचे. झाड आबनूसाच्या कुळातले. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात ते आपल्या विदर्भातले टेंभुर्णीचे झाड त्याचे जवळचे नातेवाईक. लंडनच्या उमराव बाईची पेटी आणि गडचिरोलीचा तेंदूपत्ता एकाच वंशावळीत निघावेत, ही गंमत वनस्पतिशास्त्रालाच सुचू शकते.

हे महागडे लाकूड अखंड वापरत नसत. आतला सांगाडा महोगनीचा आणि वरून या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. कडांना पितळी पट्ट्या, कडीच्या जागी लाकडात बुडवून सपाट बसवलेल्या मुठी, आणि झाकणाच्या मध्यभागी मालकिणीची आद्याक्षरे किंवा घराण्याचे चिन्ह कोरण्यासाठी पितळी फलक. पितळ दिसायला छान असले तरी तिथे ते गरजेपोटी आलेले. बग्गीच्या छपरावर किंवा बोटीच्या सामानखोलीत पेटी आदळली की आधी कोपरे फुटत.

झाकण उघडले की आत मखमल आणि कातडे. झाकणाच्या पाठीला आरसा. तो सुटा काढून टेबलावर उभा करता येई. आरशामागे पत्रे ठेवायचे कातडी पाकीट. खाली खणाखणांत कापीव काचेच्या बाटल्या आणि डब्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर चांदीचे झाकण. कुणात कोलोन वॉटर, कुणात दंतमंजन, कुणात कोल्ड क्रीम, कुणात पोमेड, कुणात केसांचे आकडे. लांबट डबी टूथब्रशची. तिच्या झाकणाला हवेसाठी नक्षीदार भोके. साबणाची डबी. चक्कर आल्यावर हुंगायच्या उग्र क्षारांची कुपी. एका कोपऱ्यात दौत. मग वरचा एक थर उचलला की खाली शिंपल्याच्या मुठी असलेली हत्यारे हारीने खोचलेली: नखे कापायची कात्री, कानस, चिमटा, कानकोरणे, दाभण, बुटांची बारीक बटणे ओढून लावायचा आकडा आणि हातमोज्यांची बोटे सैल करायचा चिमटा. कधी कधी बूच काढायचा स्क्रूसुद्धा. सभ्य बाईच्या पेटीत तो कशासाठी, असा प्रश्न कुणाला पडला तर उत्तर साधे आहे: अत्तरे आणि औषधे बुचाच्या बाटल्यांतून विकत मिळत.

महाराष्ट्रात जुन्या घरांतून जी फणेरपेटी असे, तिचाच हा श्रीमंत विलायती अवतार. फणेरपेटीच्या झाकणातही आरसा, आत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात फण्या, करंडे, काजळाच्या डब्या आणि पाय घासायच्या वज्र्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना इंग्रजी पेटीतले खण समजायला वेळ लागणार नाही. फरक आहे तो हेतूत. फणेरपेटी घरात एका कोनाड्यात राहायची. इंग्रजी पेटी मुळात बाहेर पडण्यासाठी होती, आणि म्हणून तिला कुलूप लागे.

त्या कुलपाची कथा पेटीइतकीच रंजक आहे. चांगल्या पेट्यांवर बहुधा ‘ब्रामा’ कंपनीचे कुलूप असे. जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने 1784 मध्ये त्याचे पेटंट घेतले. किल्ली नळीसारखी आणि तिच्या टोकाला कमीजास्त खोलीच्या खाचा. 1790 पासून ब्रामाच्या लंडनमधल्या पिकॅडिलीच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेले असे आणि शेजारी पाटी: हे किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनी बक्षीस. साठ वर्षे ते बक्षीस तिथेच पडून राहिले. 1851 च्या भव्य प्रदर्शनासाठी आलेल्या ए. सी. हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने अखेर ते उघडले. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. बक्षीस त्याला मिळाले, पण धंद्याचे फारसे बिघडले नाही. रेल्वेच्या डब्यात चोराला 51 तास कोण देणार?

कुलपाखेरीज बहुतेक पेट्यांत एक चोरकप्पाही असे. आतल्या भिंतीतली एक छोटी पितळी खीळ वर उचलली की तळाचा दागिन्यांचा खण स्प्रिंगने पुढे उसळतो. त्याला गुप्त म्हणायचे ते केवळ सौजन्याने. जवळजवळ प्रत्येक पेटीत खीळ त्याच जागी असते आणि त्या काळच्या चोरांनाही ती ठाऊक असणार. खरे तर चोर कुलपाच्या किंवा खिळीच्या वाटेला जातच नसत. ते पेटीच उचलत. डिसेंबर 1874 मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर काउंटेस ऑफ डडली यांच्या दासीने दागिन्यांची पेटी क्षणभर खाली ठेवली आणि ती गेली ती कायमची. 1898 मध्ये पॅरिसला थोरल्या डचेस ऑफ सदरलंड यांचे जडजवाहीर रेल्वेच्या डब्यातून लंपास झाले. ‘हॅरी द व्हॅलेट’ नावाने ओळखला जाणारा चोर पुढे पकडला गेला, पण दागिन्यांचा मोठा भाग मिळाला नाही. दोन्ही वेळा कुलूप शाबूत होते की नव्हते, याला काहीच अर्थ उरला नव्हता. खरी राखण दासीने करायची. मालकिणीच्या मांडीवर पुस्तक असे आणि दासीच्या मांडीवर पेटी. काच, चांदी आणि पितळ मिळून ती इतकी जड होई, की प्लॅटफॉर्मभर वाहून नेणे हे स्वतंत्र काम होते. या पेट्यांच्या देखणेपणाचे कौतुक करणाऱ्या पुस्तकांतून ही दासी सहसा दिसत नाही.

आता चांदीकडे वळायला हवे, कारण खरी माहिती तिथे लपलेली आहे. पेटीवर दुकानाचे नाव सोनेरी अक्षरांत ठळक छापलेले असते. ते विकणाऱ्याचे नाव. बनवणाऱ्यांची नावे शोधायची तर बाटलीचे झाकण उलटे करावे लागते.

इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूवर सरकारमान्य शिक्के मारण्याची पद्धत मध्ययुगापासूनची. चालत्या सिंहाचा शिक्का म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजार भागांत 925 भाग शुद्ध. त्याशेजारी गावाचा शिक्का: लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा त्या काळचा मुकुट. बर्मिंगहॅम आणि शेफील्डला स्वतःची तपासणी कार्यालये 1773 मध्ये मिळाली, त्याआधी तिथल्या कारागिरांना माल लंडनला किंवा चेस्टरला पाठवावा लागे. तिसरा शिक्का म्हणजे एक अक्षर. दरवर्षी अक्षर बदलते, वर्णमाला संपली की ढंग बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरू; त्यावरून नेमके साल काढता येते. चौथी, कारागिराची आद्याक्षरे. आणि 1784 पासून 1890 पर्यंत पाचवा शिक्का, राजाचा किंवा राणीचा मुखवटा. चांदीवरचा कर भरल्याची ती पावती. कर रद्द झाला तसा मुखवटाही गेला. म्हणून झाकणावर व्हिक्टोरिया राणीचे डोके असेल, तर पेटी 1890 किंवा त्याआधीची, हे भिंग लावून कुणालाही सांगता येते.

या आद्याक्षरांच्या मागे गेले की लंडनचे एक वेगळेच जग उलगडते. शृंगारपेट्यांची झाकणे आणि डब्या बनवणे हीच खासियत असलेले रौप्यकार होते. थॉमस डिलर आणि फ्रान्सिस डग्लस ही त्यांतली जाणकारांना परिचित नावे. ते पातळ पत्रा साच्यावर ठोकून झाकणाचा आकार देत, मग नक्षीकाम करणाऱ्याकडे तो जाई. कोणी पानाफुलांची नक्षी कोरे, कोणी यंत्रावर बारीक लाटांसारख्या रेघा पाडे, शेवटी मालकिणीची आद्याक्षरे. हवा लागून चांदी काळी पडू नये म्हणून महाग पेट्यांत तिच्यावर सोन्याचा मुलामा. काच कापणारा वेगळा, पोलादी हत्यारे शेफील्डहून, कातडे तिसऱ्याचे, कुलूप चौथ्याचे, आणि लाकूडकाम करणारा हे सगळे एकत्र बसवणार. एका पेटीत सहज सात-आठ धंद्यांचे हात लागत, आणि त्यांतला कुणीही ती पेटी घेऊन प्रवासाला निघण्याची शक्यता नव्हती.

हे काम किती अदृश्य राहायचे याचे उत्तम उदाहरण म्हणजे बेचमन घराणे. लंडनच्या पेंटनव्हिल रस्त्यावर जॉर्ज बेचमन अँड सन्स यांचा कारखाना होता. तिथल्या उत्तम शृंगारपेट्या ‘अ‍ॅस्प्रे’सारख्या झगमगीत दुकानांतून विकल्या जात, त्या दुकानांच्या नावाने. अ‍ॅस्प्रे ही 1781 मध्ये सुरू झालेली पेढी. 1847 मध्ये ती बॉण्ड स्ट्रीटवर आली, आणि 1862 मध्ये तिला व्हिक्टोरिया राणीचे अधिकृत पुरवठादार म्हणून सनद मिळाली. गिऱ्हाईक बॉण्ड स्ट्रीटला जाई. पेंटनव्हिलचा रस्ता त्याने पाहिलेलाही नसे. कारखान्याच्या चौथ्या पिढीतल्या मुलाने वडिलांच्या मागे धंद्यात यावे, अशी घरच्यांची इच्छा होती. मुलगा कवी झाला. तो जॉन बेचमन. 1972 मध्ये तो इंग्लंडचा राजकवी झाला. वडिलांच्या त्या कारखान्याच्या आठवणी त्याने आपल्या पद्य आत्मचरित्रात लिहून ठेवल्या आहेत. दुकानाच्या सोनेरी छापाने जे झाकले, ते मुलाच्या कवितेने उघडे केले. पेटीच्या धंद्यातल्या किती जणांना असा कवी लाभला असेल!

या साऱ्या व्यापारात मुंबईचा वाटा उगाच ओढूनताणून आणायची गरज नाही, तो आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुंबईहून विलायतेला जडावकामाच्या पेट्या जात. चंदनाच्या पेटीवर बारीक ठिपक्यांची, ताऱ्यांची नक्षी. ती कोरलेली नसे. हस्तिदंत, आबनूस, कथील आणि हिरव्या रंगात बुडवलेले शिंग यांच्या लांब कांड्या एकत्र चिकटवायच्या, मग त्यांची मोळी आडवी चिरत कागदासारखे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापात तोच तारा. हे काप लाकडावर बसवले की नक्षी तयार. या कलेला सडेली म्हणतात. ती पर्शियातल्या शिराझहून सिंधमार्गे मुंबईत आली, असे जॉर्ज बर्डवुड यांनी भारतातल्या कलाउद्योगांवरच्या 1880 च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. विलायतेत ‘बॉम्बे बॉक्स’ हेच तिचे नाव पडले. लिहिण्याच्या, शिवणकामाच्या आणि शृंगाराच्या अशा पेट्या आजही इंग्लंडमधल्या लिलावांत दिसतात, आणि त्या करणाऱ्या एकाही सुताराचे नाव त्यांवर सापडत नाही. लंडनच्या रौप्यकाराला निदान दोन अक्षरे मारायची सक्ती होती.

उलट दिशेनेही माल आला. 1891 मध्ये मुंबईत ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स’ची शाखा उघडली. काळा घोडा परिसरातली तिची इमारत अजून उभी आहे. या दुकानाच्या जाडजूड छापील सूचीत चांदीच्या सामानाच्या शृंगारपेट्या चित्रांसह असत, आणि साहेबांच्या बायकांप्रमाणे संस्थानिकांची गिऱ्हाइकी या मालाला मोठी होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि महाराणी चिमणाबाई 1887 पासून वारंवार युरोपात जात. 1926 मध्ये पॅरिसच्या लुई व्हितॉन पेढीने बडोद्याच्या महाराजांसाठी खास चहाची प्रवासी पेटी बनवली. त्या पेढीच्या इतिहासात तिचा उल्लेख आवर्जून केला जातो. शृंगारपेटी आणि चहापेटी यांची रचना मुळात एकच: प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खण, चांदीची झाकणे, आणि धक्का बसला तरी खळखळाट नाही.

लाकडी पेट्यांचा काळ मात्र तोवर सरला होता. रेल्वेने त्यांना मारले, असे म्हटले तरी चालेल. बग्गीत जड पेटी चालत होती. गाडीच्या डब्यात, वरच्या जाळीवर ती कोण चढवणार? 1880 नंतर मगरीच्या कातड्याच्या बॅगा आल्या. आतला चांदीच्या सामानाचा भाग संबंध उचलून टेबलावर ठेवता येई आणि उरलेल्या बॅगेत कपडे. ड्रू अँड सन्स, मॅपिन अँड वेब, जे. सी. व्हिकरी ही या काळातली मोठी नावे. पहिल्या महायुद्धानंतर चांदीवर निळे-जांभळे मीनाकाम आले, कासवाच्या पाठीचे तुकडे आले. 1925 च्या सुमारास व्हितॉनने ऑपेरागायिका मार्त शनाल हिच्यासाठी केलेला संच या शेवटच्या बहराचा नमुना.

तेवढ्यात पेटीतला मालच बदलला. व्हिक्टोरियन घरंदाज बाईने चेहऱ्याला उघड उघड रंग लावणे शिष्टसंमत नव्हते. पेटीत क्रीम, अत्तर, मंजन यांचाच भरणा होता. आता लिपस्टिक चारचौघांत लावायची गोष्ट झाली. 1923 मध्ये अमेरिकेत फिरवून वर येणाऱ्या लिपस्टिकच्या नळीचे पेटंट घेतले गेले, आणि काचेच्या बाटलीचे, चांदीच्या झाकणाचे काम पाकिटात मावणाऱ्या नळीने केले. 1930 च्या दशकात व्हान क्लीफ अँड आर्पेल्सने संध्याकाळच्या मेजवानीसाठी हातात मावणारी धातूची डबी काढली. पावडर, लिपस्टिक, आरसा, सगळे तिच्यात. विमानप्रवास सुरू झाला तेव्हा सामान तराजूवर चढू लागले, आणि काच आणि चांदी भरलेली पेटी परवडेनाशी झाली.

त्यानंतर जे झाले ते वाईट झाले. पेट्या वापरातून गेल्या आणि फोडल्या जाऊ लागल्या. बाटल्या एकीकडे, झाकणे एकीकडे, शिंपल्याच्या मुठीची कात्री तिसरीकडे. जानेवारी 1980 मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी एका औंसाला 50 डॉलरच्या आसपास पोचली, तेव्हा जगभर जुनी चांदी भट्टीत गेली. शृंगारपेटीच्या झाकणांच्या बाबतीत हा निव्वळ मूर्खपणा होता. पत्रा इतका पातळ असतो, की वजनाने चांदी फार थोडी निघते. किंमत असते ती नक्षीची, शिक्क्यांची, आणि सगळे तुकडे एकत्र असण्याची.

म्हणूनच पेटी विकत घ्यायची तर आधी तपासायचे ते पूर्णत्व. सगळ्या झाकणांवर एकाच कारागिराची अक्षरे आणि एकाच सालाचा शिक्का आहे का? आद्याक्षरे सगळीकडे तीच आणि त्याच वळणाची आहेत का? प्रत्येक बाटली तिच्या खणात न डुगडुगता बसते का? एखादे झाकण जास्त जड, पिवळट किंवा कडा झिजून खाली तांबे दाखवणारे असेल, तर ते नंतर बसवलेले मुलाम्याचे. विजेने चांदी चढवायच्या तंत्राचे पेटंट एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये घेतले आणि त्यानंतर असला माल स्वस्तात मिळू लागला. फ्रेंच चांदीवर 1838 पासून मिनर्व्हा देवतेचे डोके दिसते, जर्मन चांदीवर 1888 पासून चंद्रकोर आणि मुकुट. इंग्रजी पेटीत असे एखादे झाकण आढळले, तर विक्रेत्याला प्रश्न विचारायला हरकत नाही. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर फिरणाऱ्याला पेटी दिसली नाही, तरी सुटी झाकणे आणि बिनझाकणाच्या बाटल्या दिसू शकतात. सुंदर असतात; पण तो पेटीचा मृत्यूचा दाखला असतो.

कायद्याचेही भान हवे. ब्रशांच्या पाठी हस्तिदंताच्या असतील तर भारतात त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय आणि नंतर आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारालाही बंदी घातली. ब्रिटनमध्येही 2022 पासून मोजके अपवाद सोडता हीच स्थिती आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी पेटी भारतात असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही.

आजीच्या किंवा पणजीच्या कपाटात असे काही असेल, विशेषतः ज्या घरांत कुणी संस्थानी किंवा सरकारी चाकरीत होते तिथे ते असू शकते, तर त्याला रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नये. दोन्ही चांदी खरवडतात, आणि सगळ्यात आधी झिजतात ते शिक्के. मऊ सुती फडके पुरते. झाकणांना रबरबँड लावू नये. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. बाटल्या आणि झाकणे पाण्यात भिजत टाकू नयेत, आतले अस्तर आणि चिकटवण सुटते. आणि घरात चांदी मोडायचा विषय निघाला, तर सराफाकडे जाण्याआधी एकदा भिंग घेऊन झाकणांच्या आत पाहावे, शिक्क्यांचा फोटो काढावा आणि तो एखाद्या संग्रहालयाला किंवा जाणकाराला दाखवावी. पेटी पुरी असेल, तर एक झाकणही वेगळे करू नये.